अडीच घटकांचा अभ्यास

भोकरदन तालुक्यातील आमचे पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारामुळे दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. आणि हंगामाच्या दिवसांत ज्या घरांतील माणसांना दोन घास स्वस्थपणे खाण्याची फुरसत मिळत नाही, त्याच घरांतून मुलांच्या अध्ययनाच्या कालमानाविषयी प्रश्न विचारला जावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्याच आळीतील एक गृहस्थ बाजारात माल घालून परस्पर माझ्या ओसरीवर येऊन बसले. मिरचीने आग होत असलेले हात त्यांनी मांडीवर उताणे ठेवले होते. त्यांची धाकटी मुलगी सातवीत. दीर्घ आजारातून नुकतीच उठलेली. डॉक्टरांनी वर्षभर दगदग वर्ज्य सांगितलेली. तेव्हा हे वर्ष तिला घरीच शिकवावे असा त्या उभयतांचा निश्चय झाला होता.

"गुरुजी, बाकीची पुस्तकं तिची माय वाचून घेईल," ते म्हणाले, "पण गणिताला रोज किती वेळ बसवावं लागंल, तेवढं सांगा."

"एक तास," मी म्हणालो.

"एकच? शाळेत तर पोरं दिवसभर असतात!"

त्यांच्या मुद्रेवर जी निराशा उमटली ती दोन वाक्यांनी निवारण होण्यासारखी नव्हती. मुलीसाठी अधिक कष्ट घेण्याची तयारी ठेवून आलेल्या माणसाला मी जणू कमी दाम सांगितला होता. त्या एका शब्दाच्या उत्तरामागे तीस वर्षांचे अध्यापन आणि त्यानंतरचे दीड वर्षाचे प्रायश्चित्त उभे आहे, आणि तेच येथे सविस्तर मांडावे असे मनात आहे.

प्रथम त्या 'दिवसभरा'चाच हिशेब करू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा 2009 चा अधिनियम 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या इयत्तांसाठी वर्षाला किमान 220 कामाचे दिवस आणि 1000 अध्यापनाचे तास मुकर्रर केलेले आहेत. भागाकार केला असता दिवसाला सुमारे साडेचार तास पडतात, आणि एवढ्या अवकाशात तीन भाषा, विज्ञान, इतिहास, भूगोल, चित्रकला, कवायत या सर्वांना आपापला वाटा द्यावयाचा असतो. गणिताला बहुधा एक तासिका मिळते. ती पस्तीस-चाळीस मिनिटांची. त्या तासिकेत काय घडते हे माझ्याइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल, कारण ते घडविणाऱ्यांत मीही होतो. हजेरीपट उघडावयाचा, काल न आलेल्यांची विचारपूस करावयाची, फळा पुसावयाचा, उदाहरण लिहावयाचे, मागच्या बाकांवरील कुजबुज थांबवावयाची, चाळीस वह्यांपैकी जमतील तेवढ्या पाहावयाच्या, आणि घंटा झाली की अर्धे सोडवलेले उदाहरण तसेच टाकून पुढील वर्गाकडे निघावयाचे. या साऱ्यातून एकेका मुलाच्या स्वतःच्या विचाराला किती मिनिटे उरत असतील? माझ्या अनुभवाप्रमाणे पंधरा ते वीस. हे मी शाळेची निंदा करण्यासाठी सांगत नाही. एका माणसाने चाळीस मुलांना एकदम शिकवावयाचे म्हटले की असेच होणार. परंतु घरी एक मूल आणि एक शिकवणारा समोरासमोर बसले असता जेथे हजेरी नाही आणि रांगही नाही, तेथे शाळेचे तास मोजून आणून ठेवणे म्हणजे चाळीस माणसांच्या पंगतीचा शिधा एकट्या पाहुण्याच्या ताटात वाढण्यासारखे आहे. पाहुणा भुकेला असला तरी ते अन्न त्याच्या अंगी लागणार नाही.

हीच चूक मी स्वतः केली, आणि तीही निवृत्तीनंतर, जेव्हा आपण सर्व शिकलो अशी माझी समजूत होती. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. माझी नात त्या जूनमध्ये सहावीत गेली, आणि मधले थोडे दिवस सोडले तर 4 ऑक्टोबर 2021 रोजी ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे वर्ग पुन्हा उघडेपर्यंत तिचे गणित माझ्याच ओसरीवर झाले. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने जुलै 2020 मध्ये 'प्रज्ञाता' या नावाने ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत पहिली ते आठवीच्या मुलांना ऑनलाइन पद्धतीने दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची फार तर दोन सत्रे असावीत असे म्हटले होते. मला ती मर्यादा हास्यास्पद वाटली. पडद्यासमोर बसणाऱ्या मुलांसाठी ती असेल, आमच्याकडे तर साक्षात गुरू घरात आहे, मग दोन तास का नकोत? अशा अहंकाराने मी सकाळी आठ ते दहा अशी मुदत ठरविली आणि पहिले काही आठवडे ती कसोशीने पाळली.

तिची त्या दिवसांतील वही मी जपून ठेवली आहे. त्यातील एक पान वारंवार उघडून पाहतो. अपूर्णांकांच्या बेरजेची चोवीस उदाहरणे मी एका बैठकीला दिली होती. पहिली नऊ उदाहरणे स्वच्छ आहेत; छेद समान केलेले, अंश नीट मिळविलेले, अक्षर गोल. दहाव्यात लसावि चुकला आहे. बारावे खोडून पुन्हा केले आहे. तेराव्यापासून अंशात अंश आणि छेदात छेद मिळविण्यास प्रारंभ झाला आहे. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असे तेथे लिहिलेले आहे, आणि अपूर्णांकाची आडवी रेघ उतारावरच्या पाण्यासारखी खाली घसरत गेली आहे. शेवटच्या तीन उदाहरणांत तर छेद लिहिलेलेच नाहीत. मी त्या दिवशी ओरडलो. पण खरा धक्का मला दुसऱ्या दिवशी सकाळी बसला. ताज्या मनाने बसलेल्या त्या मुलीने पहिलेच उदाहरण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून सोडविले. आदल्या दिवशीची नऊ बरोबर उदाहरणे पुसली गेली होती आणि थकलेल्या मेंदूने ज्या चुकीची शेवटी बारा वेळा तालीम केली, ती चूकच रात्रभरात पक्की झाली होती. त्या दुसऱ्या तासाने तिला केवळ काही दिले नाही असे नव्हे. पहिल्या तासाने जे दिले होते तेही काढून नेले.

त्या दिवशी मी वही मिटली आणि तिला विचारले, "अर्ध्या भाकरीत आणखी थोडी भाकरी मिळवली, तर अर्धीपेक्षा जास्त होईल की कमी?" ती हसली, असला सोपा प्रश्न आजोबा का विचारतात म्हणून. "जास्त." "मग दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा जास्त का कमी?" ती गप्प झाली. तिने ओसरीच्या कडेला पाच खडे मांडले, त्यांपैकी दोन बाजूला केले, उरलेल्या तिनांकडे पाहिले आणि म्हणाली, "आजोबा, हे उत्तर असूच शकत नाही." या सर्व व्यवहाराला चार-पाच मिनिटांहून अधिक वेळ लागला नसेल. परंतु उत्तर तपासण्याचे साधन तिच्या स्वतःच्या हाती त्या पाच मिनिटांत आले, आणि ते आदल्या दोन तासांत आले नव्हते.

तेव्हापासून मी मुदत बदलली. सकाळी प्रथम दहा-पंधरा मिनिटे तोंडी गणित. त्यानंतर तीस-पस्तीस मिनिटे नवा भाग, ज्यात थोडी उदाहरणे पण प्रत्येकाचे कारण तिने मला सांगावयाचे. आणि दिवेलागणीनंतर दहा मिनिटे कालच्या आणि परवाच्या भागांतील दोन-तीन उदाहरणे, ती विसरली जाऊ नयेत म्हणून. ही सगळी बेरीज फार तर साठ मिनिटांची होते. जुन्या मापाने अडीच घटका. घटकेचे माप आता पंचांगापुरते उरले आहे, पण मला ते या कामाला अधिक योग्य वाटते, कारण चोवीस मिनिटांची एक घटका हा सातवीतल्या मुलाच्या एकाग्रतेचा स्वाभाविक तुकडा आहे असे माझ्या पाहण्यात आले आहे. एक घटका पुरी झाली की मूल मान वर करते, पाणी पिते, खिडकीतून पाहते. त्याला तसे पाहू द्यावे. इंग्लंडात शार्लट मेसन या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी घरी शिकणाऱ्या मुलांसाठी आखूड पाठांचा जो आग्रह शंभर वर्षांपूर्वी धरला होता, त्याचे मर्मही हेच आहे: पाठ आखूड असेल तरच पूर्ण अवधान मागण्याचा अधिकार शिकवणाऱ्याला पोहोचतो.

तोंडी गणिताविषयी मला थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण त्या पंधरा मिनिटांवरच उरलेल्या पाऊण तासाचा भार असतो. आमच्या वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी मुखोद्गत असत. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली, आणा-पै गेली, आणि शेर-मण व्यवहारातून निघून गेल्यावर हे पाढेही उजळणीतून हळूहळू नाहीसे झाले. नाण्यांचा निर्णय योग्यच होता. त्याबद्दल मला तिळमात्र खेद नाही. परंतु व्यवहारातून काढून टाकलेली वस्तू शिक्षणातूनही काढून टाकलीच पाहिजे असे नाही. एक पाऊण पाऊण, दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन, चार पाऊणे तीन असे जे मूल रोज म्हणते, त्याला तीन चतुर्थांशाला तीनाने गुणल्यावर काय येते हे कागदावर शोधावे लागत नाही. अपूर्णांक ही त्याला छेद आणि अंश यांची उतरंड न वाटता पूर्णांकासारखीच मोजता येणारी वस्तू वाटते. सव्वा, दीड, अडीच, औट हे स्वतंत्र शब्द आपल्या भाषेत आहेत. तीन आणि अर्धा मिळून होणाऱ्या राशीला एका अक्षरजोडीत नाव देणाऱ्या भाषेची मुले अपूर्णांकाला भिऊन पळावीत हे मला सहन होत नाही.

भाषेचा विषय निघाला म्हणून येथेच सांगतो. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीने 'वीस एक', 'वीस दोन' असे संख्यावाचन सुचविले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. त्या वेळी गणित समितीच्या प्रमुख असलेल्या मंगला नारळीकर यांनी त्या सूचनेचा निश्चयाने पुरस्कार केला. मी स्वतः जुन्या संख्यानामांच्या बाजूचा आहे. पण त्या विदुषीचा मूळ मुद्दा, की मुलाचा वेळ गणितातल्या विचारासाठी वाचवावा आणि शब्दांच्या अडथळ्यांत घालवू नये, तो मला मान्य आहे. त्यांची 'गणिताच्या सोप्या वाटा' आणि 'गणितगप्पा' ही पुस्तके घरी शिकविणाऱ्या प्रत्येकाने जवळ ठेवावीत.

आणि त्याच घराण्यातील दुसरे उदाहरण तर या संपूर्ण प्रश्नाचे मर्मच उघड करते. जयंत नारळीकर यांचे बालपण बनारसला गेले. घरात फळा होता. त्यांचे मामा त्या फळ्यावर एखादे गणिती कोडे लिहून ठेवीत आणि भाच्याने ते सोडवीपर्यंत किंवा हार मान्य करीपर्यंत ते पुसले जात नसे. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात ही हकिकत आलेली आहे. विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की त्या अभ्यासाला वेळ किती लागला असे कोणी विचारले तर उत्तर काय द्यावे? फळ्यासमोर उभे राहण्याची मिनिटे मोजावीत, की जेवताना, शाळेच्या वाटेवर, झोप येण्यापूर्वी ते कोडे मनात घोळत राहिले तोही काळ धरावा? बैठकीचा काळ आणि चिंतनाचा काळ या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिला आई-बापांनी ठरवावयाचा असतो आणि तो थोडा असावा. दुसरा मूल स्वतः घेते, पण पहिल्याने त्याला पिळून काढले नसेल तरच घेते. दोन तासांच्या शेवटी सुटका झाली असे ज्याला वाटते, ते मूल कोडे बरोबर घेऊन अंगणात जात नाही.

मी याचा प्रयोग 'लीलावती'तील एका उदाहरणाने केला. भास्कराचार्यांनी हा ग्रंथ 1150 साली रचला. आणि आमच्या भोकरदनाच्या उत्तरेस जी अजिंठ्याची डोंगररांग आहे, तिच्या पलीकडच्या अंगाला चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांचा 1207 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून चांगदेवांनी मठ स्थापिला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले. त्या लेखाच्या जुन्या मराठी भागात बाजारातील जकातीचा काही हिस्सा मठाकडे लावून दिलेला आहे. व्यापाऱ्याच्या मापातून विद्यार्थ्याच्या पाटीपर्यंत जाणारी एक वाट त्या काळी राजाज्ञेने आखली होती, हे आमच्यासारख्या बाजाराच्या गावाने लक्षात ठेवावे असे आहे.

ते उदाहरण भुंग्यांचे. थव्याचा पाचवा भाग एका फुलावर गेला, तिसरा भाग दुसऱ्यावर, त्या दोन भागांतील वजाबाकीच्या तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक भुंगा सुगंधाने वेडा होऊन मध्येच भिरभिरत राहिला. तर एकूण भुंगे किती? सकाळच्या बैठकीत तिने तुरीच्या डाळीचे दाणे मांडून दहा घेतले. दहाचा तिसरा भाग होईना, म्हणून सोडले. मग बारा, बाराचा पाचवा भाग होईना. घटका संपली. मी उत्तर सांगितले नाही आणि तिला बसवूनही ठेवले नाही. दुपारी ती आजीबरोबर मिरच्यांचे देठ खुडत होती, आणि एकाएकी तिकडूनच ओरडली, "तीन आणि पाच, दोन्हींनी भाग गेला पाहिजे! पंधरा!" मग खुडलेल्या मिरच्यांवरच तिने पडताळा घेतला: तीन, पाच, दोनाची तिप्पट सहा, आणि एक. पंधरा. लसावि म्हणजे काय हे ज्या मुलीला दोन तासांच्या बैठका घेऊन मी शिकवू शकलो नव्हतो, तिने ते बैठक संपल्यानंतर चार तासांनी स्वतः शोधून काढले.

याच ग्रंथाविषयी एक आख्यायिका आहे, जी फैजीने 1587 साली केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत येते. लीलावतीच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी भास्कराचार्यांनी घटिकापात्र मांडले; कन्येने वाकून पाहिले, तिच्या अलंकारातील एक मोती पात्रात पडून छिद्र बुजले, आणि मुहूर्त टळला. मग पित्याने तिच्या नावाचा ग्रंथ लिहिला. इतिहास म्हणून या कथेला आधार नाही. तरीही घटिकापात्र बंद पडल्यानंतर बाप मुलीला गणित देतो असा तिचा जो आशय आहे, तो मी शिकवीत असता अनेकदा आठवला.

आता दोन आक्षेप, आणि ते परस्परविरुद्ध दिशांनी येतात. पहिला आक्षेप परीक्षांचा. शिष्यवृत्ती परीक्षेत दर प्रश्नपत्रिकेत 75 प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवावयाचे असतात, म्हणजे एकेका प्रश्नाला 72 सेकंद. अशा स्पर्धेत रोजच्या एका तासाने निभाव कसा लागेल? माझे म्हणणे असे की वेग ही समजुतीची कन्या आहे. ज्याला पाऊणकी येते त्याला 72 सेकंद पुष्कळ होतात, आणि ज्याला येत नाही त्याला रोज चार तास बसवले तरी ते पुरत नाहीत. परीक्षेच्या आधीचे दोन महिने आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवून घ्यावी. तेवढा अपवाद रास्त आहे. राहता राहिला अभ्यासक्रम पुरा होण्याचा प्रश्न. 2017 साली आलेल्या सातवीच्या गणिताच्या पुस्तकात पंधरा प्रकरणे आहेत. 220 दिवस रोज एक तास धरला तर प्रत्येक प्रकरणाला चौदा तासांहून अधिक वेळ मिळतो, आणि तो समोरासमोरच्या शिक्षणाचा तास असतो. एखाद्या मुलाला परिमेय संख्यांसाठी वीस तास लागतील आणि वर्तुळासाठी आठ. घरच्या शिक्षणात ही फिरवाफिरव करता येते, शाळेच्या वेळापत्रकात येत नाही. त्यामुळे एका तासाने अभ्यासक्रम उरेल ही भीती हिशेबाला धरून नाही.

दुसरा आक्षेप हल्ली शहरांतील सुशिक्षित पालकांकडून येतो आणि आमच्या गावात तो वेगळ्या शब्दांत ऐकू येतो. ते म्हणतात, मुलाला वाटेल तेव्हा शिकू द्या; आमच्याकडे म्हणतात, बाजारात काट्याजवळ उभा राहिला की पोरगा आपोआप गणित शिकतो. यात अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य फार घातक असते. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला; तीच मुले तेच हिशेब गाड्यावर जवळजवळ सर्व बरोबर करीत आणि कागदावर मांडून दिले की निम्म्याहून अधिक चुकत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा जो अभ्यास 2025 साली 'नेचर' या नियतकालिकात मांडला, त्यातही बाजारातील मुलांना शालेय गणित अवघड गेले आणि शाळेतील मुलांना बाजाराचा व्यवहार अवघड गेला. एक विद्या दुसरीत आपोआप उतरत नाही. आमच्या बाजारात पावणेतीन क्विंटल मालाचे पैसे क्षणात सांगणारा मुलगा मी पाहिला आहे. परंतु भाव दुप्पट आणि माल निम्मा झाला तर रक्कम तीच का राहते, हे त्याला सांगता येईना. 'का' विचारण्यासाठी गिऱ्हाईक थांबत नाही. ते विचारण्यासाठी रोज कोणीतरी त्याच्यासमोर निवांत बसावे लागते. म्हणून एक तासाहून अधिक नको हे मी जितक्या आग्रहाने सांगतो, तितक्याच आग्रहाने हेही सांगतो की तो तास एकही दिवस चुकता कामा नये. सोमवारी तीन तास आणि मग गुरुवारपर्यंत काही नाही, हा शिरस्ता कोणत्याही मुलाचे गणित बुडविल्यावाचून राहणार नाही.

हा तास आणावयाचा कोठून, असे विचारतील. पंडिता रमाबाईंना त्यांच्या आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत आई लक्ष्मीबाई यांनी संस्कृत शिकविले. घरचा राबता मोठा, दिवसभर कामातून मान वर करावयाची सोय नाही. तेव्हा ती माउली पहाटे, पाखरे जागी होण्याच्या सुमारास मुलीला उठवून पाठ देई. तिच्याजवळ तेवढाच काळ तिच्या स्वतःच्या मालकीचा होता. आमच्याकडे तोडणीला जाणाऱ्या बायांचा दिवसही असाच दुसऱ्याच्या मालकीचा असतो. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, तेव्हा त्यांनीही हेच ओळखले होते की शिक्षणाची वेळ मुलाच्या जीवनक्रमातून शोधावयाची असते.

आणि येथे मला जी गोष्ट सर्वांत जिव्हाळ्याने सांगावयाची आहे ती सांगतो. घरी शिकणारा मुलगा असेल तर त्याचा तास साधारणतः अखंड राहतो. मुलगी असेल तर राहत नाही. त्या दीड वर्षात मी हे माझ्या स्वतःच्या घरात पाहिले. बैठक सुरू होऊन दहा मिनिटे होत नाहीत तोच आतून हाक येई: दूध उतू जातंय बघ, धाकट्याला घे जरा, पाणी आलंय, हंडा लाव. प्रत्येक काम दोन मिनिटांचे. परंतु बैजिक राशीतील कंस सोडविता सोडविता उठलेले मन परत येऊन बसावयास दोन मिनिटे पुरत नाहीत. ते पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करते. एका तासात अशा पाच हाका आल्या तर घड्याळाने तास भरतो आणि अभ्यास शून्य होतो. मग बाप म्हणतो, पोरीला तासभर बसवतो तरी गणित येत नाही, दोन तास बसवा. किंवा त्याहून वाईट, पोरीला गणितात डोकंच नाही. माझ्या घरातील बायकांना मी पहिल्यांदा सांगून पाहिले, मग रागावून पाहिले, आणि दोन्ही व्यर्थ गेले. कारण कामे खरीच होती आणि ती कोणीतरी करावयाची होतीच. शेवटी त्या तासापुरती हंड्याची आणि धाकट्याची जबाबदारी तिच्या बापाने घेतली, तेव्हा हाका थांबल्या. गणिताला रोज किती वेळ लागतो या प्रश्नाचे उत्तर आमच्या गावात एक तास असे आहे. पण तो तास मुलीला कोण सोडवून देणार, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे.

कायद्याच्या आणि दाखल्यांच्या बाबतीत फार लिहीत नाही. आजारपणामुळे किंवा अन्य कारणाने मूल घरी शिकत असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा किंवा महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा मार्ग खुला आहे. आणि केवळ एका वर्षाचाच प्रश्न असेल तर शाळेतील नाव कमी न करता मुख्याध्यापकांशी बोलून ठेवणे हे सर्वांत सोयीचे.

त्या संध्याकाळी हे सगळे मी त्या गृहस्थांना सांगितले नाही. ते दमलेले होते आणि त्यांना परत शेताकडे जावयाचे होते. मी एवढेच विचारले की मुलीची आई तोडणीला किती वाजता निघते. सात वाजता, ते म्हणाले. मग साडेपाचला चहा आणि पावणेसहा ते साडेसहा बैठक. उरलेली पंधरा मिनिटे संध्याकाळी. आई शेजारी बसून पाऊणकी म्हणून घेईल. तिला येत नाही, पण मुलीबरोबर तिलाही येईल. नवा भाग मी आठवड्यातून दोन दिवस येऊन दाखवीन, उरलेले दिवस मुलीने तोच आईला समजावून सांगावयाचा. आणि त्या पाऊण तासात चूल, पाणी, गुरे जे काही असेल ते तुम्ही पाहायचे.

ते थोडा वेळ हातांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बघतो मी. सकाळची धार मी काढीन."

ज्यांच्या घरी असे एखादे मूल पाटीवर वाकून बसलेले आहे, त्या सर्व आई-बापांना माझी हात जोडून विनंती आहे: त्याला दोन तास बसवू नका, पण जो एक तास बसवाल त्यात त्याला, आणि विशेषतः तिला, कोणत्याही कामासाठी हाक मारू नका.